कागदाचं सूत: कातायचं, वळायचं की पिळायचं?

उभाधागा: जपानी 'शिफू'वरच्या मजकुराचा अनुवाद चालू आहे. (शि म्हणजे कागद, फु म्हणजे कापड.) मी लिहिलं, "कागदाचं सूत कातून विणलेलं कापड". तपासणाऱ्याने 'कातून'चं 'कापून' केलं. कागद कापतात, कातत नाहीत, असं त्याचं म्हणणं. काय ठेवू?

चाती: दोन्ही, पण क्रमाने. कोझोचा, म्हणजे कागदी तुतीच्या सालीचा, पातळ कागद दुमडून सुरीने २ ते ४ मिमीच्या पट्ट्या कापतात. दोन्ही काठांना साधारण २ सेंमी कोर सोडायची, पट्ट्या सुट्या होऊ द्यायच्या नाहीत. मग ओल्या फडक्यात काही तास दमट करून खरबरीत दगडावर तळव्यांनी पुढेमागे लोळवायचं, मधूनमधून उचलून झटकायचं. पट्ट्या गोल झाल्या की काठ एकाआड एक फाडायचे: या काठाला पहिली-दुसरी जोडलेली, त्या काठाला दुसरी-तिसरी. अख्ख्या तावाचा एकच सलग धागा निघतो. सांध्यावर उरलेला कोपरा चिमटीत वळून टाकायचा, आणि शेवटी चरख्यावर पीळ.

साधाबोली: म्हणजे दगडावर 'वळणं', चरख्यावर 'पीळ देणं'. 'कातणं' यात कुठेच नाही. कातताना पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या गुंडाळीतून, तंतू ओढले जातात, इथे धागा आधीच तयार आहे. वाती वळतो, दोर वळतो, तसं कागदाचं सूत वळायचं.

कोशवाळवी: थांबा! संस्कृतात 'कर्तन' म्हणजे कापणंही आणि सूत कातणंही. आपलं 'कातरणं' आणि 'कातणं' तिथलंच. आधी कातरा, मग काता. या कलेला याहून नेमका शब्द नाही. शिवाय शिफू कशाला? चिनीत शिफू म्हणजे गुरुजी, तेच वाटतात. 'कागदवस्त्र' म्हणा.

साधाबोली: व्युत्पत्ती सुरेख, पण वाचकाला धातुपाठ येत नाही. आणि कागदवस्त्र म्हटलं तर 'कामिको'चं काय करणार? तो न विणता थेट कागदाचाच शिवलेला अंगरखा. तेही कागदवस्त्रच.

उभाधागा: शिफू ठेवतो. पण आपल्या हातकागदाचं असं सूत निघेल का? दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदाचा उल्लेख जोडावा म्हणतो.

चाती: तो चिंध्यांच्या लगद्याचा. त्याचे तंतू आखूड, लोळवतानाच तुटतात. कोझोचे सेंटिमीटरच्या आसपास लांब. शिवाय कागद बनवताना लगद्याचा साचा पुढेमागे हलवल्याने बरेचसे एका दिशेला लागतात, आणि पट्टी त्याच दिशेने कापायची असते. आडवी कापली की संपलं. खळ दिलेला कागदही चालत नाही, पाणी धरत नाही. ओल जास्त झाली तर पट्ट्या एकमेकींना चिकटून लगदा होतो. कमी पडली तर त्या चपट्याच राहतात आणि पीळ घेताना कडेने चिरतात.

आडवातिडवा: 'सूत' शब्दालाच माझी हरकत आहे. सूत कापसाचं. हा 'कागदी दोरा'.

कोशवाळवी: सूत हे सूत्रापासून, कापसाशी त्याचं लग्न लागलेलं नाही.

उभाधागा: तो वाद नंतर. मूळ मजकुरात चार प्रकार आहेत: किनुजिफू, मेनजिफू, आसाजिफू, मोरोजिफू.

चाती: पहिल्या तिघांत ताणा (उभे धागे) अनुक्रमे रेशमाचा, सुताचा, तागवर्गीय धाग्याचा आणि बाणा (आडवे धागे) कागदाचा. मोरोजिफूत दोन्ही कागद. एदो काळात (१६०३ ते १८६८) जपानच्या मियागीतल्या शिरोइशी गावाचं नाव होतं ते याच कामासाठी.

आडवातिडवा: "सुताचा ताणा"! बघा, तुम्हीही सूत म्हणजे कापूसच धरता.

साधाबोली: मोरोजिफूच्या ताण्याचे सांधे मागाच्या फणीत अडकत नाहीत?

चाती: अडकतात, म्हणून फणी विरळ घ्यायची आणि ताण्याला कोन्न्याकू कंदाची खळ. बाण्याचा धागा गुंडाळलेल्या कांड्या ओल्या फडक्यात ठेवायच्या. कांडी वाळली की धागा ताठरतो, ठोकताना नीट बसत नाही आणि काठाशी वळताना तुटतो.

कोशवाळवी: "काठाशी वळताना"! आता 'वळणं'चा तिसरा अर्थ आला.