गृहकर्ज लवकर फेडायचं, तर घरखर्चाला कात्री किती लावायची?

चिंचवडकर (धागाकर्ता)
थेट मुद्दा मांडतो. डोक्यावर गृहकर्ज असताना वरचा प्रत्येक रुपया आधी मुद्दलात जायला हवा आणि तो घरखर्चातूनच काढावा लागतो, असं माझं मत आहे. ऑफिसातल्या मंडळींना ते भलतंच जुनाट वाटतं, म्हणून इथे टाकतोय.

आमची परिस्थिती: टू बीएचके, दोघेही नोकरीत, मुलगी पाचवीत. कर्ज एका गृहवित्त कंपनीचं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो) 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. आमचा हप्ता होता तेवढाच राहिला, मुदत मात्र वाढत गेली. नंतर स्टेटमेंट नीट वाचलं तर 40 लाख बाकी, दर 8.5 टक्के आणि पुढे अजून 20 वर्षं! हप्ता 34,713. त्यातले 28,333 महिन्याच्या व्याजातच जातात, मुद्दलाला लागतात जेमतेम 6,380.

मग ठरवलं की दरमहा 5,000 जादा भरायचे. एवढ्याने कर्ज पावणेपंधरा वर्षांत संपतं आणि साधारण 13 लाख व्याज वाचतं. पैसे काढले ते असे: वर्षाचा गहू-तांदूळ मे महिन्यात मार्केट यार्डातून आणून, एरंडेल लावून कोठीत. दोघांचे डबे घरचे. बाहेरचं जेवण वाढदिवसापुरतं. ओटीटी बंद. 100 युनिटच्या पुढे विजेचा दर एकदम चढतो, म्हणून गिझरवर माझी करडी नजर. पोळ्यांच्या ताईंना थांबवलं, तिथेच 2,500 सुटले.

यात कुणाला काही चूक दिसतं का?

चक्रवाढ
दिसतं. तेच 5,000 रुपये 20 वर्षं इंडेक्स फंडाच्या (शेअर निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड) एसआयपीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम, टाका. 12 टक्के धरले तर 50 लाखांच्या घरात जातात. तुम्ही 13 लाखांसाठी 50 लाख सोडताय. गृहकर्ज हे सामान्य माणसाला मिळणारं सगळ्यात स्वस्त कर्ज, ते घाईघाईने संपवायचं कशाला? शिवाय व्याजावर 2 लाखांपर्यंतची करसवलत आहेच.

शिल्लक_शून्य
चक्रवाढ, 13 आणि 50 समोरासमोर ठेवता येत नाहीत. पावणेपंधरा वर्षांनी यांचा हप्ता सुटतो, ते विसरलात. उरलेली सव्वापाच वर्षं तेच 39,713 रुपये दरमहा तुमच्याच 12 टक्क्यांनी गुंतवले तर साडेचौतीस लाख होतात. म्हणजे सामना 50 विरुद्ध साडेचौतीस. आणि बाजाराने साडेआठच टक्के दिले तर दोन्हीकडे 31 लाखांच्या वर, चक्क बरोबरी. तुमचा पंधरा लाखांचा फरक 12 टक्के मिळतीलच या भरवशावर उभा आहे. त्यातून फंड विकताना वर्षाला सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर.

ती 2 लाखांची सवलतही जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर काही मिळत नाही. हे कुठल्या प्रणालीत आहेत ते विचारलंत तरी का?

चक्रवाढ
पंधरा लाख म्हणजे शेंगदाणे नव्हेत. आणि मुद्दलात घातलेला पैसा अडीअडचणीला परत काढता येत नाही. फंड दोन-चार दिवसांत मोडता येतो.

शिल्लक_शून्य
हा मुद्दा मात्र मान्य. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च एफडीत बाजूला नसेल तर जादा भरणा करू नये. काही बँका गृहकर्ज ओव्हरड्राफ्ट खात्याच्या रूपात देतात, त्यात टाकलेले पैसे गरजेला काढता येतात. दर किंचित जास्त असतो.

दुपारचा_चहा
तुमचे टक्के चालू द्या. मला एकच ओळ खटकली: 'पोळ्यांच्या ताईंना थांबवलं'. मग आता पोळ्या कोण लाटतं? वर्षाचं धान्य निवडतं कोण, उन्हात घालतं कोण, एरंडेल चोळतं कोण? दोघेही नोकरीत आहात असं तुम्हीच लिहिलंय. 2,500 रुपये सुटले म्हणता, पण ते काम कुठे गेलं नाही. ते घरातल्याच एका माणसाकडे गेलं, बिनपगारी. पाच हजारांतली बरोबर निम्मी बचत कुणाच्या तरी सकाळच्या तासाभरातून आलीय आणि तुमच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

आमच्या घरी हे सगळं होऊन गेलंय. कर्ज मुदतीआधी फिटलं तेव्हा पेढे वाटले, सासऱ्यांच्या शिस्तीचं कौतुक झालं. सासूबाईंची पाठ कशाने गेली हे कुणी विचारलं नाही.

चिंचवडकर
डबे मी भरतो, धान्य निवडायला मीही बसतो. पोळ्या बायको करते, खरं आहे. पण ते तिने स्वतःहून सुचवलं होतं.

दुपारचा_चहा
गिझरवर करडी नजर ठेवणारा माणूस घरात असला की बाई स्वतःहूनच सुचवते.

खडकवासला_एक्स्प्रेस
पुण्यात राहून काटकसरीवर लोकांचं मत मागणारा पहिला माणूस बघितला. 😀

निवृत्त_ठाणेकर
आम्ही नव्वदच्या दशकात 14-15 टक्क्यांनी कर्ज फेडलंय, त्यामुळे साडेआठला घाबरणाऱ्यांची गंमत वाटते. पण धागाकर्त्याच्या बाजूने आहे. कर्ज मुदतीआधी फिटलं आणि नंतर नोकरीत गडबड झाली तेव्हा घर आमचं होतं. याची किंमत एसआयपीच्या कॅल्क्युलेटरला कळत नाही.

दुपारचा_चहा यांचं अर्धं पटतं. कष्ट म्हणजे अन्याय, हे मला मान्य नाही. कष्ट एकाच्याच गळ्यात पडले तर अन्याय. आम्ही मुंबई ग्राहक पंचायतीच्या एका संघात होतो. महिन्याच्या किराण्याची यादी आगाऊ भरायची, माल एकत्र यायचा आणि आम्ही घराघरांतली माणसं बसून मापून वाटून घ्यायचो. पुरुषांनाही तराजू धरावा लागे. पंचायत 1975 पासूनची आहे. वाण्याला शिव्या घालण्यापेक्षा चार शेजारी गोळा करा.

दुपारचा_चहा
तराजू महिन्यातून एकदा, काका. पोळपाट रोज.

नाक्यावरचा
अहो चिंचवडकर, सगळं सोडा. तुमचा दर अजून साडेआठ कसा? 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो 6.5 वरून 5.5 वर आला. बँकेकडून ऑक्टोबर 2019 नंतर तरत्या (बदलत्या) दराने घेतलेलं कर्ज असतं तर ते रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेलं असतं आणि बऱ्यापैकी आपोआप उतरलं असतं. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही. त्या स्वतःच्या मूळ दरावर चालतात आणि जुन्या गिऱ्हाइकाला कपात बहुतेक वेळा मागावी लागते. तुम्ही मागितलीत का?

आधी तिथेच दर कमी करण्याचा अर्ज द्या, त्याची फी भरा. नाही म्हणाले तर बँकेकडे कर्ज वळवा. प्रोसेसिंग फी आणि मुद्रांक शुल्क हिशेबात धरा, पण तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही. दर 1 टक्क्याने उतरला तर 40 लाखांवर वर्षाला जवळपास 40 हजार व्याज कमी. ताईंचे वर्षाचे होतात 30 हजार.

आता पुढचं गणित. दर साडेसात झाल्यावर हप्ता कमी करून घेऊ नका, 34,713 च ठेवा, आणि जादा भरणा पाचाऐवजी अडीच हजार करा. कर्ज पंधरा वर्षांच्या आतच संपतं. म्हणजे तुमच्या आत्ताच्या योजनेपेक्षा दोन महिने उशिरा, आणि पोळ्यांच्या ताई घरात.

चक्रवाढ
आणि जादा भरणा करताना 'मुदत कमी करा' असं लेखी द्या. नाहीतर काही ठिकाणी परस्पर हप्ता कमी करून मुदत तेवढीच ठेवतात. (मी अजूनही एसआयपीच म्हणतो.)

चिंचवडकर
नाही, मागितली नव्हती. कपात आपोआप मिळत असेल असं धरून चाललो होतो. शनिवारी शाखेत जाऊन अर्ज देतो. काटकसरीबद्दलचं मत बदललेलं नाही, धान्य मार्केट यार्डातूनच येणार. ताईंना फोन करून बघतो, पण त्यांनी एव्हाना दुसरं घर धरलं असेल तर?

दुपारचा_चहा
तर तुम्ही लाटा. नकाशे झाले तरी हरकत नाही, डब्यात घडी घालूनच जातात.