आजीच्या बोलण्याचे तुकडे कुठे पाडू?

लालबागकर: आजीचं सहा तासांचं बोलणं टंकून झालंय, पण विरामचिन्हांशिवाय. १९८२च्या गिरणी संपावरून ती एकदम बोंबलाच्या कालवणावर जाते. मशीन लर्निंगने विषयवार परिच्छेद पाडता येतील का? तिचा एकही शब्द गाळायचा नाही.

उत्तर १: आधी वाक्यं तोडा. मग संशोधक मार्टी हर्स्ट यांची १९९७ची टेक्स्टटायलिंग पद्धत: शेजारच्या तुकड्यांतले शब्द जुळेनासे झाले की सीमा. मराठीत मात्र ‘गिरणी’, ‘गिरणीत’, ‘गिरण्यांना’ वेगळे मोजले जातात. मोजणीपुरते प्रत्यय काढून टाका; मूळ मजकूर तसाच राहू द्या.

उत्तर २: त्यापेक्षा वाक्यांचे व्हेक्टर, म्हणजे अर्थ आकड्यांत मांडणाऱ्या याद्या, ताडून पाहा. ‘साचा’ आणि ‘माग’ (दोन्ही कापड विणायची यंत्रं) शब्द वेगळे असूनही जवळ येऊ शकतात. थोडी पानं हातानेही तोडा, पडताळ्याला.

लालबागकर: दोन पानं तोडली. संपात पगार नव्हता, म्हणून रोज बोंबील. आजीने विषय बदललाच नव्हता! तिथे सीमा नको.