टँकरची चाके हलकी करण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आमचा तीन अॅक्सलचा (म्हणजे चाके जोडलेल्या तीन आडव्या दांड्यांचा) टँकर फोंड्याहून कळंगुटकडे पिण्याचे पाणी नेतो. 2018 च्या सुधारित नियमांनुसार अशा गाडीचे भारासह एकूण वजन 28.5 टनांपर्यंतच चालत असल्याने, गाडीच्या अंगचे जेवढे किलो घटतील, तेवढे लिटर पाणी जास्त नेता येते. म्हणून अॅल्युमिनियमच्या डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर चढवतात त्या चाकाचा, खर्च मला पटतो.

शंका रुंद टायरची आहे. जोडचाकांऐवजी (अॅक्सलच्या प्रत्येक टोकाला शेजारी-शेजारी असलेल्या दोन चाकांऐवजी) एकेक रुंद टायर बसवल्यास वजन उतरते खरे, पण चार टायरांच्या अॅक्सलला 11.5 टन आणि दोन टायरांच्या अॅक्सलला 7.5 टनच भार मान्य असेल, तर आपल्याकडे त्याचा फायदा तो काय? पंक्चरची धास्ती वेगळीच. शिवाय किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमची डिस्क लोखंडी हबला (अॅक्सलच्या टोकाच्या, चाक बसवायच्या भागाला) गंजून घट्ट धरून बसू नये म्हणून मेकॅनिक मंडळी काय लावतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.