ब्रॉडबँड बंद केल्यावर २,३६० रुपयांचं बिल: मदत हवी आहे

मंडळी, कोथरूडहून धायरीला राहायला आलो. जुन्या ब्रॉडबँड कंपनीची लाइन इथे नाही, हे तिच्याच माणसाने सांगितलं, म्हणून कनेक्शन बंद केलं. राउटर परत दिला, पावती आहे. आता 'मुदतीआधी बंद' म्हणून २,००० अधिक जीएसटी, एकूण २,३६० रुपये मागतायत! कनेक्शन घेताना अशी अट कुणी सांगितली नव्हती. कस्टमर केअर म्हणजे नुसती टोलवाटोलवी. तक्रार क्रमांक तेवढा मिळाला. ट्राय (दूरसंचार नियामक) वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, म्हणजे आधी कंपनीचं अपील प्राधिकरण. सोबतच १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवू का? अपिलात कुणाचे पैसे माफ झालेत? की थेट पुण्याच्या ग्राहक आयोगात जाऊ? वसुलीवाल्यांचे फोन सुरू झालेत, बायको वैतागलीय.