रविवारची उपासना चुकते. रोजची प्रार्थना पुरते का?

मिरजेची नर्स
पाळ्या अशा लागतात की महिन्यातून एखादाच रविवार चर्चला जायला मिळतं. परवा चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे तोंडावर म्हणाले, "विश्वास थंडावलाय तुमचा." फार लागलं मनाला. रात्रपाळीत पहाटे चारच्या सुमारास वॉर्ड जरा शांत होतो. तेव्हा हात धुता धुता मी येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणते, ज्याचं दुखणं जास्त त्या पेशंटचं नाव घेते. बायबलात मत्तय 6:6 मध्ये येशूच सांगतो ना, खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर. मला वाटतं, रोजचं एवढं पुरतं. नुसत्या हजेरीनं आत्मा पोसत नाही.

सातारचा पेन्शनर
ताई, सलाम. त्या गृहस्थांनी असं बोलायला नको होतं. पण "पुरतं" हे काही पटत नाही. दोघे-तिघे माझ्या नावानं जमतील तिथे मी आहे, हेही त्याच मत्तयात आहे, 18:20. आणि तुम्ही पहाटे म्हणता ती प्रार्थनाच बघा. सुरुवात "आमच्या पित्या" अशी आहे, "माझ्या" अशी नाही. भाकरसुद्धा "आमची" मागायची.

कृष्णाकाठ
काका, मी ताईंच्या बाजूनं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं काम सोडलं आणि ते तुमच्याच साताऱ्यात राहिले. चौकटीबाहेर पडून भक्ती आटली का त्यांची? त्यांचे अभंग आपण आजही गातो.

सातारचा पेन्शनर
अरे, मिशन सोडून ते एकटे कुठे बसले? साताऱ्यात "देवाचा दरबार" नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. दरबार म्हटला की माणसं आलीच.

हळदीच्या गावची आई
सांगलीहून लिहितेय. माझीही भक्ती स्वयंपाकघरातलीच. बायबलच्या 23व्या स्तोत्राच्या पानावर माझ्या हळदीच्या बोटाचा डाग आहे, इतक्यांदा फोडणी देता देता ते उघडलंय. पण मिस्टर अंथरुणाला खिळले तेव्हा मला एक शब्द सुचेना. पान समोर असायचं, वाचणं व्हायचं नाही. मंडळीतल्या तिघी रोज संध्याकाळी यायच्या, मिस्टरांच्या उशाशी बसून गायच्या. उपदेश कुणीच केला नाही. एक जण जाताना भांडी घासून जायची. तेवढे दिवस माझी प्रार्थना त्यांनीच केली. म्हणून ताई, "पुरतं" म्हणू नका. माझं नाही पुरलं.

मिरजेची नर्स
काकू, डोळे भरून आले. "पुरतं" हा शब्द मागे घेते. पहाटेची प्रार्थना मात्र कमी दर्जाची मानणार नाही, तिच्यावरच मी उभी आहे. पण मग मंडळीनंही आमच्या पाळ्या बघाव्यात. आठवड्यातून एखादी संध्याकाळ कुणाच्या तरी घरी जमलो तर आम्हा ड्युटीवाल्यांनाही येता येईल.

सातारचा पेन्शनर
रविवारची जागा त्यानं भरणार नाही, या मतावर मी ठाम आहे. पण हे व्हायलाच हवं. पाळकसाहेबांशी तुम्हीच बोला, ताई.

हळदीच्या गावची आई
या बुधवारी रात्रपाळी नसेल तर सांगलीला आमच्याकडे या. त्या तिघींनाही बोलावते.