अ‍ॅगोनिस्टला मराठीत काय म्हणावं?

माजघर
मधुमेहींसाठीच्या एका माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करतेय. विषय आहे ऑरफोर्ग्लिप्रॉनसारखी नवी औषधं. जीएलपी-१ या संप्रेरकाच्या (हॉर्मोनच्या) ग्राहीवर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या रिसेप्टरवर, ती काम करतात, पण स्वतः त्या संप्रेरकासारखी अमिनो आम्लांची साखळी नसतात. हिंदी पत्रकात 'छोटे अणु' आहे, म्हणून मी 'छोट्या अणूंची औषधं' केलं. अडलंय ते 'अ‍ॅगोनिस्ट'पाशी (ग्राहीला चिकटून त्याला कामाला लावणारा पदार्थ). 'ग्राही-उत्तेजक' लिहून सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "या वयात मी उत्तेजक गोळी घेऊ?" शुक्रवारी द्यायचंय.

तळटीप
उत्तेजक नकोच. पेपरात तो शब्द खेळाडू पकडला गेला की येतो, नाहीतर मागच्या पानावरच्या जाहिरातींत. 'चेतक' घ्या.

घाटमाथा
चेतक म्हणजे स्कूटर! वडिलांनी नंबर लावून घेतली होती. शिवाय चेतापेशी, चेतासंस्था आधीपासून आहेत. वाचणाऱ्याला वाटेल, नसांचं औषध आहे.

रसशाळा
अहो, चेतक राहू द्या, 'छोटे अणू' आधी खोडा! मराठीत अणू म्हणजे अ‍ॅटम. मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत परमाणु आणि अणु अशी जोडी आहे, ती एक पायरी सरकलेली. तुमच्या पत्रकावरून लोक हायड्रोजन गिळायला जातील.

सराफा
मी इंदूरचा, घरी मराठी, शाळा हिंदी. आमच्यासाठी अणु म्हणजे मॉलिक्यूलच. रेणू हे माझ्या आतेबहिणीचं नाव. तुम्ही म्हणता ते 'बरोबर' आणि आम्ही 'चूक' कशावरून?

रसशाळा
चूक नाही म्हणत. पण तुमच्याकडे परमाणु बम, आमच्याकडे अणुबॉम्ब. पत्रक मराठीत आहे ना?

तळटीप
मुळात रेणू म्हणजे धूळ, रजःकण. 'अणुरेणूत देव' म्हणतो तेव्हा कोण रसायनशास्त्र करतं? दोन्हींचा अर्थ 'बारीक', एवढंच. विज्ञानवाल्यांनी नंतर वाटण्या केल्या.

घाटमाथा
आणि 'लहान' म्हणजे तरी किती? अ‍ॅस्पिरिनचा रेणुभार १८०. ऑरफोर्ग्लिप्रॉनचा ८८३ च्या आसपास. सेमाग्लुटाइड, म्हणजे याच कामाचं पण अमिनो आम्लांच्या साखळीचं औषध, त्याचा ४,११४. म्हणजे अ‍ॅस्पिरिनसमोर हा पहिलवान आणि सेमाग्लुटाइडसमोर किरकोळ.

रसशाळा
तो फरकच तर महत्त्वाचा आहे. साखळी पोटात गेली की पचते, म्हणून इंजेक्शन. सेमाग्लुटाइडची गोळी अमेरिकेत २०१९ साली आली खरी, पण ती उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा तास काही खायचं नाही. तेवढं करूनही रक्तात पोचतो तो जेमतेम शेकडा एक भाग. लघुरेणूला ही कटकट नाही.

पण तो बसतो कसा, ते गमतीचं आहे. जीएलपी-१ ची साखळी ग्राहीला बाहेरून धरते आणि तिचं दुसरं टोक आत खोल जातं. हा एवढासा रेणू वरच्याच खोबणीत बसून तोच खटका पाडतो. ग्राहीचा आकार बदलतो, पेशीच्या आत निरोप जातो, आणि साखर वाढलेली असेल तर इन्सुलिन सुटतं. त्या खोबणीत ३३ व्या जागी माणसाला ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आहे, उंदराला सेरीन. एवढ्यानं डॅन्युग्लिप्रॉन, असंच दुसरं लघुरेणू औषध, साध्या उंदरांवर चालेचना. माकडं, नाहीतर माणसाचा ग्राही बसवलेले उंदीर घ्यावे लागले. (पुढे एका रुग्णात यकृताला इजा झाल्याची शंका आली आणि फायझरनं २०२५ च्या एप्रिलमध्ये ते सोडलं, ते वेगळं.)

सराफा
'खटका पाडतो' छान आहे. तेच लिहा की.

तळटीप
खटक्यावर बोट ठेवणारी गोळी? नको. ग्रीकमध्ये अगोन म्हणजे झुंज, म्हणजे अ‍ॅगोनिस्ट हा मल्ल. संस्कृतातून नीट धातू काढा. संप्रेरक बघा किती नेमका बसलाय: इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगनं १९०५ मध्ये 'हॉर्मोन' वापरला तो चाळवणं, प्रेरणा देणं या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरूनच.

घाटमाथा
त्याच वर्षी लँगली या दुसऱ्या इंग्रज शास्त्रज्ञानं 'ग्रहण करणारा पदार्थ' मांडला, त्या कल्पनेचा आपण 'ग्राही' केला. माझ्या जुन्या क्रमिक पुस्तकात तर 'ग्राहक' होतं. पेशीवर ग्राहक! तक्रार कुठल्या मंचात करायची?

माजघर
लघुरेणू घेतलं, आभार. अ‍ॅगोनिस्टचं काय?

सराफा
अ‍ॅगोनिस्टच ठेवा. इन्सुलिन कुठं कोणी मराठी केलंय? सासूबाई इन्सुलिन म्हणतातच ना?

तळटीप
इन्सुलिन हे नाव आहे, अ‍ॅगोनिस्ट हे काम आहे. कामाला शब्द हवाच. उद्या डॉक्टरला डॉक्टरच म्हणाल.

सराफा
तुम्ही काय म्हणता? वैद्यराज?

माजघर
शुक्रवार झाला. 'ग्राहीला जागं करणारं औषध' लिहून पाठवलं. सासूबाई विचारताहेत, ग्राही झोपतो कधी. आणि आता संपादकांना 'लठ्ठपणा' खटकतोय, अपमानास्पद वाटतो म्हणे. 'स्थूलता' हवंय.

घाटमाथा
स्थूलता?! नवीन धागा काढा.