हीप (प्रोग्रॅम चालू असताना मागेल तशी वाटली जाणारी सामायिक मेमरी) संपला तर तो सिक्युरिटी बग कसा काय?

महापे_फर्मवेअर: आमच्याकडे एमआयडीसीत दोन दिवस यावरून वाजतंय. पंप चालवणारा छोटा कंट्रोलर, त्यावर फ्रीआरटॉस (छोट्या चिपवरची ऑपरेटिंग सिस्टिम, कामं वेगवेगळ्या 'टास्क'मध्ये चालवते). रिव्ह्यूत एका पोराने लिहिलं की नेटवर्क टास्कने किती बफर (डेटा ठेवायची मेमरी) मागावेत याला लिमिटच नाही, बाहेरून कोणी कनेक्शनवर कनेक्शन उघडत बसला तर हीप संपेल आणि पंपवाला टास्क उपाशी मरेल, म्हणून सिक्युरिटी बग. अरे, सगळे टास्क आपणच लिहिलेत, कोणापासून कोणाला वाचवताय? मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) फेल झालं की आपोआप चालणारं हुक फंक्शन आहे, अडकलंच तर वॉचडॉग टायमर चिप रीसेट करतो. उगाच चेक टाकून कोड फुगवायचा.

वागळे_इस्टेट_जुना: टास्क तुम्ही लिहिलेत हो, पॅकेट कोणी लिहिलं? आणि वॉचडॉगचं कौतुक पुरे, रीसेट झाला की समोरचा परत तेच पाठवणार, मग पंप दिवसभर चालू-बंद. तो हुक पण मेमरीची मागणी फेल गेल्यावरच येतो, कोणी खाल्ला ते सांगत नाही.

महापे_फर्मवेअर: मग सगळं स्टॅटिक करा ना, मेमरी आधीच ठरवून, मिस्रा (सी कोड सेफ ठेवायचे नियम) पण डायनॅमिक मेमरी नकोच म्हणतं. विषय संपला.

ऐरोली_ताई: संपला कुठे दादा, स्टॅटिक म्हणजे पण लिमिटच की. एलडब्ल्यूआयपीत (छोट्या चिपसाठीचं नेटवर्क सॉफ्टवेअर) चालू टीसीपी कनेक्शनचा पूल डीफॉल्ट ५ चा असतो. पाच जणांनी कनेक्शन उघडून नुसतं धरून ठेवलं की तुमचाच टेक्निशियन बाहेर (साइटवर हे भोगलंय, दोन तास केबल बदलत बसलो होतो 😅). म्हणजे आकडा घालून भागत नाही, भरल्यावर कोणाला हाकलायचं तेही ठरवायला लागतं, आणि तो निर्णय सिक्युरिटीचाच ना?

वागळे_इस्टेट_जुना: +१. २०२१ चं बॅडअ‍ॅलॉक आठवा, मायक्रोसॉफ्टवाल्यांनी कितीतरी आरटीओएसच्या (फ्रीआरटॉससारख्या सिस्टिम) मॅलॉकमध्ये पकडलेलं बगांचं लटांबर. मागितलेल्या साइजमध्ये हेडरची (ब्लॉकच्या नोंदीची) जागा मिळवताना आकडा ओव्हरफ्लो होऊन छोटा, हातात चिमुकला ब्लॉक, आणि लिहिणारा बिनधास्त पुढे लिहितोय.

महापे_फर्मवेअर: ते वेगळं हो! तो बेरजेचा चेक, कोट्याचा (कोणाला किती मेमरी) नाही. दोन्ही एका पोत्यात घालू नका.

घणसोली_रात्रपाळी: इथे महापेशी सहमत. सेल४ मायक्रोकर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा छोटा गाभा) बघा, बूट झाल्यावर कर्नल स्वतःसाठी हीप वापरतच नाही, ज्याला काही हवंय त्याने आपल्या वाटणीची मेमरी द्यायची. जागोजागी चेक नाही, रचनाच तशी.

महापे_फर्मवेअर: रचना बदलायला वेळ कोणाकडे आहे, शिपमेंट शुक्रवारी. ताई, तुमचा मुद्दा मात्र लागला. कनेक्शन ४ वर बांधतो, ३० सेकंद गप्प बसलेलं तोडतो, टेक्निशियनला एक वेगळं राखून. तिकिटावर लेबल मात्र 'बग'च राहणार 🙂